फोटोमागची दहावी

“मार्कशीट गावाला आहे” हे वाक्य मी चौतीस वर्षं वापरलं. फार टिकाऊ वाक्य. लग्न जमताना वापरलं, नोकरीत कायम होताना वापरलं, एकदा तर वाचनालयाचं कार्ड काढताना कुणी मागितलेली नसतानाही वापरलं. समोरच्याचं ताबडतोब समाधान होतं, कारण प्रत्येकाचं काही ना काही गावाला पडलेलं असतंच. आता माझं गाव कान्हे आणि मी राहतो वराळ्याला. मोटरसायकलवर चहा गार व्हायच्या आत पोचतो माणूस. एवढ्या जवळच्या गावाला एक कागद चौतीस वर्षं अडकून पडावा, याचं कुणालाही नवल वाटलं नाही. आपली माणसं मोठ्या मनाची आहेत, दुसरं काय.

मग आमच्या कंपनीत एचआरला नवीन मुलगी आली. तिचं मन एवढं मोठं नव्हतं. तिनं सगळ्या सुपरवायझरना मेसेज टाकला: दहावीचं प्रमाणपत्र कॉम्प्युटरमध्ये चढवा. सिनिअर सुपरवायझरची यादी लागायची आहे, मुदत एक वर्ष. यादीत पहिलं नाव माझं, राजेंद्र सखाराम ओव्हाळ. मी रुबाबात सांगितलं, “मॅडम, मार्कशीट गावाला आहे.” ती म्हणाली, “मग आणा ना सर. वर्ष आहे.”

आता तुमच्यापासून काय लपवायचं. मार्कशीट खरोखरच गावाला होती. माझे वडील, दादा, मी सातवीत असताना गेले. कान्ह्याच्या घरात त्यांचा फ्रेम केलेला फोटो होता, आणि त्या फोटोच्या मागे, पुठ्ठ्याच्या आत, एक्क्याण्णव सालच्या जून महिन्यात मी स्वतःच्या हातानं ती मार्कशीट ठेवली होती. तिच्यावर खाली इंग्रजीत एक शब्द होता आणि तो ‘पास’ नव्हता.

निकालाच्या दिवशी आई दारातच उभी होती. आदल्या वर्षभर दुसऱ्यांच्या शेतात भात लावून तिनं मला शिकवलं होतं. तिनं विचारलं, “झालास का रं पास?” आणि मी म्हणालो, “झालो.” मी नक्की सांगतो, पुढे ‘नाही’ म्हणण्यासाठी तोंड उघडं ठेवलं होतं. पण तोवर ती कामशेतच्या दिशेनं निघालीसुद्धा. दुपारपर्यंत अख्ख्या कान्ह्यात पेढे वाटून झाले. पेढे वाटून झालेल्या माणसानं नापास कसं व्हायचं, तुम्हीच सांगा. मी गुपचूप आयटीआयला गेलो. वायरमनचा ट्रेड आठवीवर मिळत असे. दोन वर्षं केली, कंपनीत लागलो, हळूहळू सुपरवायझर झालो. सगळं बरं चाललं होतं.

तर आता दहावी काढायची होती. पन्नासाव्या वर्षी. कुणाला न कळता.

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर कोंडाजी सातकर राहतात. एकतीस वर्षं शाळेत क्लार्क होते. निवृत्त झाले, पण अंगातून फॉर्म गेला नाही. सोसायटीत कुणी नुसतं पेन शोधायला लागलं तरी हे चष्मा लावून हजर होतात. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि अगदी सहज विचारतोय असं दाखवून म्हणालो, “कोंडाजीभाऊ, एका मोठ्या माणसाला दहावी करायची झाली तर काय मार्ग असतात?”

कोंडाजींचे डोळे लकाकले. “किती मोठा माणूस?”

“बराच.”

“नाव?”

“नावाचं काय आहे, नुसती माहिती—”

“ओव्हाळसाहेब, जगातल्या कुठल्याही फॉर्मचा पहिला रकाना नावाचा असतो. तिथंच अडलो तर पुढं कसं जायचं?”

एवढ्यात खालून माझी बायको यशोधरा भाजीच्या पिशव्या घेऊन वर आली. “कुणाचं नाव विचारतायत हो?” माणूस पाण्यात पडला की हाताला येईल ते धरतो. मी धरलं ते आईला. “आईचं,” मी म्हणालो. “आईला दहावी करायची आहे.”

यशोधराच्या हातातली पिशवी खाली टेकली. एक टोमॅटो घरंगळत तळमजल्यापर्यंत गेला. त्याच्यामागोमाग माझं नशीब गेलं असावं, कारण ते मला पुढचे सहा महिने दिसलं नाही.

अर्ध्या तासात कोंडाजी दिनदर्शिकेचं मागचं कोरं पान घेऊन आमच्या घरी आले आणि त्यावर त्यांनी एक शिडी काढली. सर्वांत खाली पाचवीची पातळी, वर आठवीची, वर दहावी, बारावी. शिडीला डावीकडून एक फांदी फुटली होती, तिच्यावर ‘मुक्त विद्यालय’. उजवीकडून दुसरी, तिच्यावर ‘सतरा नंबरचा फॉर्म’. मध्येच एक बाण खाली जात होता, त्याला ‘पुनर्परीक्षार्थी’ असं नाव होतं, आणि तो इतका दीनवाणा दिसत होता की मी त्याच्याकडे बघणंच टाळलं.

“मातोश्रींचं शिक्षण?”

“दुसरी.”

“मग आधी पाचवीची पातळी. मग आठवीची. दहावी त्यानंतर. लग्नाआधी बारसं चालत नाही.”

“पण समजा एखादा दहावीपर्यंत जाऊन आलेला असला तर?” मी विचारलं.

“मातोश्री गेल्या होत्या?”

“नाही.”

“मग कशाला विचारता?” असं म्हणून त्यांनी तो बाण खोडूनच टाकला. माझ्या डोळ्यांदेखत माझा एकुलता एक मार्ग बंद झाला आणि मी त्यांना वर चहा दिला.

वाटलं, चार दिवसांत लोक विसरतील. पण कोंडाजींनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: ‘वय वर्षे ६९, जिद्द मात्र सोळाची!’ त्याला एकशे बारा जणांनी हात जोडले. आमची सोसायटी एकशे चार फ्लॅटची आहे, म्हणजे काहींनी दोनदा जोडले. मग कमिटीनं फ्लेक्स लावायचं ठरवलं. आमच्याकडे मुलगा बालवाडीतून पहिलीत गेला तरी फ्लेक्स लागतो, तेव्हा यात नवल नाही. कोंडाजींनी मजकूर पाठवला आणि फोटोसाठी फ्लेक्सवाल्याला आमचा नंबर दिला. फ्लेक्सवाल्यानं काही न विचारता नंबरावरचा फोटो उचलला. तो माझा होता. लोहगडवाडीला ताक पिऊन झाल्यावर काढलेला, गॉगल घातलेला.

सकाळी गेटवर दहा बाय सहाचा मी उभा होतो. खाली ठळक अक्षरांत: ‘दहावीच्या वाटचालीस हार्दिक शुभेच्छा! वय वर्षे ६९.’

आमची कंपनीची बस नेमकी त्याच गेटवर थांबते. पन्नास माणसांनी खिडकीतून तो फ्लेक्स वाचला. कुणीतरी मागून म्हणालं, “ओव्हाळसाहेब, एकोणसत्तर वाटत नाही हां तुम्ही.” दहा वाजता एचआरच्या मुलीचा फोन आला. “सर, एकदा जन्मतारखेचा पुरावा पण आणाल का? रिटायरमेंटचं बघावं लागेल.” चौतीस वर्षं जे सत्य मी पुठ्ठ्यामागे दडवलं होतं, ते फ्लेक्सवाल्यानं चुकून गावभर लावलं, आणि मी मात्र दिवसभर प्रत्येकाला सांगत होतो की हे चूक आहे, तो मी नव्हे, दहावी माझी झालेली आहे.

त्या फ्लेक्सचा फोटो कान्ह्यात पोचला. आमच्या शेजारच्या भागूबाईंच्या नातवाच्या फोनवर तो आला, त्यांनी आईला दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आमची बेल वाजली. दारात आई. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी.

“कवा हाय परीक्षा?” तिनं चपला काढायच्या आधी विचारलं.

“आई, अगं ती नुसती गंमत—”

“कसली गंमत? माझ्या नावावर तुजं थोबाड छापलंय, ती गंमत व्हय? मी बसनार हाय. शिकायला लय दिवसांपासून मन हुतं. इंग्रजी असतं का त्यात?”

“असतं. पण अवघड असतं. हिंदी घेता येतं का ते बघू आपण—”

“हिंदी नगं. इंग्रजीच पायजे.” आणि तिनं चादर सोडली. आत दादांचा फोटो. “घर बंद करून आले. ह्यांना तितं एकलं कसं ठेवू?”

दहा मिनिटांत फोटो आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर लागला. माझी नापास मार्कशीट घरात आली होती, आणि आम्ही सगळे रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून बातम्या बघू लागलो.

आईचा मुक्त विद्यालयाचा फॉर्म कोंडाजींनी भरला. माझी मुलगी अमृता यंदा दहावीलाच, तरीही ती आजीची मास्तरीण झाली. ती म्हणे, “आजीला शिकवलं की माझी उजळणी होते.” मला कुणी शिकवायला तयार नव्हतं, कारण मला शिकायचं आहे हेच कुणाला सांगता येत नव्हतं. तेव्हा मी ठरवलं, चौकशी जिथं आपल्याला काळं कुत्रं ओळखत नाही तिथं करायची. लोणावळ्याला.

सुट्टी टाकून गेलो. बाजारात एका चिक्कीच्या दुकानाच्या माडीवर ‘दहावी, बारावी, पदवी’ अशी पाटी होती. आत एक हसतमुख गृहस्थ. मी म्हणालो, “एका माणसाला दहावी करायची आहे.” ते म्हणाले, “करायची की काढायची?” मला फरक कळेना. त्यांनी समजावलं की केली तर वर्ष लागतं, काढली तर आठ दिवस. शिवाय तिन्ही पातळ्या एकदम घेतल्या तर पदवीवर फोटो रंगीत मिळेल. मी घाम पुसत जिना उतरलो. खाली चिक्कीवाला माझ्याकडे इतक्या ओळखीच्या नजरेनं बघत होता की मी घाईघाईनं दीड किलो शेंगदाण्याची चिक्की घेतली. निदान लोणावळ्याला का गेलो याचं उत्तर हातात हवं.

मग एका खऱ्या शाळेत गेलो. तिथं खिडकीमागच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “सतरा नंबरचा फॉर्म हवाय? त्या व्यक्तीनं शाळा मधेच सोडली होती, की परीक्षेला बसून नापास झाली होती?”

“म्हणजे... बसली होती.”

“मग?”

“मग उठली,” मी म्हणालो.

“नापास ना? मग सतरा नंबर नाही चालत. तो शाळा सोडलेल्यांसाठी. नापासांचं वेगळं असतं. जुनी गुणपत्रिका घेऊन या, मग बघू काय नियम लागतो ते.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं आणि पळाले त्यांना फॉर्म होता. मी दहा वर्षं इमानानं शाळेत गेलो, तर मला तोही नाही! पुन्हा दोनदा लोणावळ्याला गेलो, दोन निरनिराळ्या शाळांत विचारलं, उत्तर तेच: गुणपत्रिका आणा. घरी साडेचार किलो चिक्की जमली. आईला दात नाहीत, यशोधराला शेंगदाणा सोसत नाही, अमृताची पिंपल्स. सगळी मी खाल्ली आणि वरची एक दाढ गमावली.

म्हणजे फोटो उघडायला हवा होता. एका रविवारी सगळे खाली भाजी घ्यायला गेले असताना मी स्टूल घेतलं, फोटोला हात घातला, तोच यशोधरा पाकीट विसरली म्हणून परत आली.

“काय करताय?”

“खिळा ढिला वाटतोय.”

“थांबा, कोंडाजींकडे ड्रिल आहे.”

कोंडाजी ड्रिल घेऊन आले. सोबत सल्ला द्यायला समोरचे दोघं आले. पाऊण तास भिंतीची चर्चा झाली आणि शेवटी दादांचा फोटो चार स्क्रूंनी असा पक्का बसवला, की भूकंप झाला तर इमारत पडेल पण फोटो राहील. आई म्हणाली, “ब्येस झालं. आता हलायचे न्हाईत.”

आठवड्यानं मी काच मळली आहे असं म्हणून स्वतः स्क्रू काढले, फोटो काखोटीला मारून तळेगावात काचवाल्याकडे गेलो आणि म्हणालो, “मागचा पुठ्ठा मीच काढतो, तुम्ही तिकडे बघा.” पुठ्ठा काढला. आत काहीही नव्हतं. झटकला, उलटा केला, काचवाल्यालाही बघायला लावला. नव्हतंच. दादा नवीन काचेतून माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांच्या नजरेला नजर देववेना. उंदरानं खाल्ली म्हणावं तर पुठ्ठा शाबूत. मग कुणाच्या हाती लागली? कान्ह्यातल्या? आमच्या घरातल्या? त्या दिवसापासून माझी झोप आणि भूक दोन्ही गेली. नाही म्हणायला चिक्की संपली होती, हे एक बरं झालं.

इकडे आईचं इंग्रजी सुसाट सुटलं. तिनं आधी गॅसच्या टाकीवरचं वाचलं, मग औषधांच्या बाटल्या, मग बँकेच्या दारावर ‘पुल’ वाचून ते दार इतक्या जोरात ओढलं की वॉचमन आत आला. प्रत्येक नव्या शब्दाला आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि प्रत्येक टाळीला माझी नजर दादांच्या फोटोकडे जात होती. एकदा अमृता म्हणाली, “पप्पा, आजी कमाल आहे. पाचवीला लागत नाही तरी तिनं सगळ्या विषयांची नावं इंग्रजीत पाठ केली. मॅथेमॅटिक्सचं स्पेलिंग तर मलाही एकदा चुकलं, तिला नाही.” मी म्हणालो, “छान.” माझ्या डोक्यात तेव्हाही काही शिरलं नाही. दहावीत माझं गणित का गेलं असेल याचा अंदाज तुम्हाला यावा.

परीक्षेचं केंद्र कामशेतच्या एका शाळेत होतं. आई नवं लुगडं नेसून गेली. वर्गात आठवीच्या पातळीला बसलेले तीन रिक्षावाले आणि पाचवीला आई. महिन्या-दीड महिन्यानं निकाल आला: पास. अ श्रेणी.

सोसायटीनं हॉलमध्ये सत्कार ठेवला. या वेळी फ्लेक्सवर फोटो आईचाच होता आणि खाली माझं वय होतं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. शाल, श्रीफळ, पेढे. कोंडाजींनी पाऊण तास पातळ्यांवर भाषण केलं, शिडीची मोठी प्रत भिंतीवर चिकटवली. मग उत्साहाच्या भरात म्हणाले, “आता विठाबाई आपल्याला इंग्रजी वाचून दाखवतील!”

आई उठली. पिशवीतून इंग्रजीचं पुस्तक काढलं. ते मधोमध उघडलं, आणि पानांमध्ये घडी घातलेला एक पिवळा कागद मला पहिल्या रांगेतून स्वच्छ दिसला. कडेला बोर्डाचा तो ओळखीचा शिक्का.

आईनं कागद उलगडला. चष्मा वर केला. कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या डावीकडे बायको, उजवीकडे मुलगी, मागे कंपनीतले सहाजण, शंभरेक माणसं. त्या क्षणी मला सिनिअर सुपरवायझर व्हायचं नव्हतं. मला फक्त खुर्चीखाली मावायचं होतं.

आईनं कागदाची घडी घातली, पदराखाली सारली, पान उलटलं आणि खणखणीत आवाजात कोंबडीचा धडा वाचला. लाल कोंबडी, तिची पिल्लं, गव्हाचा दाणा. शेवटपर्यंत, न अडखळता. टाळ्यांनी हॉल दणाणला. सर्वांत जोरात मी वाजवल्या.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि मला हाक मारली. “राजा, हिकडं ये.” ओट्यावर तो कागद पसरलेला होता.

“तुला कुठं मिळाला?” मी विचारलं.

“फोटोमागं. दर बुद्धपौर्णिमेला फोटो पुसायला उतरवते की मी. पैल्याच वर्साला घावला. तू ठिवलाय म्हंजे कामाचा आसंल म्हून परत ठिवायचे. हितं येताना काडून घेतला.”

“म्हणजे मी नापास झालो हे तुला—”

“त्याच दिशी कळलं. पेढे वाटत शेवटी हेडमास्तरच्या घरी गेले. त्यांनी पेढा घेतला अन् हळूच सांगितलं. आता गावभर वाटलेले पेढे परत मागू का?”

“मग मला विचारायचंस ना आई.”

“तू झालो म्हनलास. मग मी कसं इचारू?” ती शांतपणे म्हणाली. “पन कितीनं गेला, कशात गेला, ते काय कळंना. आकडे कळायचे, कशाचे ते इंग्रजीत. वाचायला द्यावं तर कुनाला देऊ? गाव पेढे खाऊन बसलेलं. मला वाटायचं, माजं पोरगं सगळ्यातच गेलं आसंल. भातलावनीच्या दिसांत तुला बी न्यायचे ना मी संगं, शाळा बुडवून. त्याच्यानं गेला आसंल, आसं चौतीस वर्सं वाटायचं.”

आईनं बोट कागदावर ठेवलं आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागली. “हे मॅथेमॅटिक्स. दीडशात अडतीस. गेलास. हे इंग्लिश. सव्वीस. गेलास. सायन्स, हितं हायेस. हिस्टरी, हायेस. अन् हे बघ, एम, ए, आर... मराठी.” तिचं बोट थांबलं. “एकाहत्तर!”

तिनं चष्मा काढला. डोळे भरून आले होते आणि ती रागावलेलीही होती. “मराठीत एकाहत्तर हायेत तुला, मेल्या. अन् हे मला चौतीस वर्सं कुनी सांगितलं न्हाई!”

पन्नास वर्षांचा सुपरवायझर भांड्यांच्या मांडणीला धरून रडला. लाज वाटली नाही. खरं सांगायचं तर फार हलकं वाटलं.

दारात यशोधरा आणि अमृता कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. यशोधरानं मार्कशीट हातात घेतली, खालपासून वरपर्यंत वाचली आणि म्हणाली, “आली म्हणायची गावाहून.” एवढंच. पण त्या दिवशी मला दोनदा भाकरी वाढली, तेव्हा माफी झाली असं मी धरून चालतो.

अमृता मात्र भिंतीवरचं माझं आयटीआयचं प्रमाणपत्र काढून घेऊन आली. ते हॉलमध्ये बारा वर्षं टांगलेलं होतं, आणि आता दादांच्या फोटोच्या अगदी शेजारी होतं. “पप्पा, हे आठवीवर केलं ना? दोन वर्षांचा ट्रेड? मग बोर्डाचे भाषेचे दोनच पेपर द्यायचे. मराठी आणि इंग्रजी. दहावीला समकक्ष धरतात. आमच्या बाईंनी सांगितलं होतं वर्गात.”

“आणि गणित?”

“गणित नाही.”

कोंडाजींना बोलावलं. त्यांनी प्रमाणपत्र पाहिलं, शिडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. “अहो, हे तर मला पाठ आहे! तुम्ही पहिल्या दिवशी आईचं विचारलंत, मी आईचं सांगितलं. तुमचं विचारलं असतंत तर जिन्यातच काम झालं असतं. टोमॅटो खाली पोचायच्या आत.” साडेचार किलो चिक्की, एक दाढ आणि भिंतीला चार भोकं माझ्या डोळ्यांसमोरून गेली.

फॉर्म भरला. पहिल्या रकान्यात नाव लिहिलं, माझं. इंग्रजी शिकवायला आई तयार आहे, पण ती मारते. एचआरच्या मुलीला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, “समकक्ष चालेल सर. मुदतीत आणा.” एवढ्या साध्या वाक्यासाठी काय काय केलं मी.

पण आईचं समाधान झालं नव्हतं. तिनं कामशेतला गाडी थांबवायला लावली, एक किलो पेढे घेतले, आणि आम्ही कान्ह्याला गेलो. “आता तू वाट,” ती म्हणाली. “खरं सांगून.”

पहिलं घर भागूबाईंचं. वय ऐंशीच्या पुढे, अंगणात नाचणी पाखडत बसलेल्या. मी पेढा पुढे केला.

“कशाचं रं?”

“मावशी, मराठीत एकाहत्तर पडले.”

“कवा?”

“एक्क्याण्णव साली.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मी डोळे मिटून पुढचं बोलून टाकलं. “तेव्हाचे पेढे खोटे होते मावशी. मी नापास झालो होतो.”

“म्हाईत हाय की,” भागूबाई म्हणाल्या. “हेडमास्तरनी समद्यांनाच सांगितलं हुतं.”

मी आईकडे बघितलं. आई भागूबाईंकडे बघत होती आणि तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

“समद्या गावाला म्हाईत हुतं?” आईनं विचारलं.

“व्हय. तू एवढी हसत आलीस दारात, विठाबाई. कोन बोलंल?” त्यांनी पेढा अर्धा तोडून तोंडात टाकला, चवीनं चघळला, आणि उरलेला अर्धा पदराच्या गाठीला बांधला. “ह्यो ऱ्हाऊ दे. इंग्रजीचा निकाल लागंल तवा खाईन. अन् आयक राजा, ह्या येळेला खरं सांग बरं का. झालास तरी, न्हाई तरी.”